आमच्या रस्त्यावरचे अलंकार

अंबरनाथ (पश्चिम)
११ नोव्हेंबर

आदरणीय संजीवनी मॅडम,

औपचारिक पत्रात मजकुराच्या आधी विषय लिहायचा, असं तुम्हीच शिकवलंत.

विषय: तुम्ही कुठे गेलात?

दिवाळीची सुट्टी संपली, शाळा उघडली आणि मराठीच्या तासाला दुसरेच सर आले. गाइड उघडून म्हणाले, "अलंकारांच्या व्याख्या लिहून घ्या, परीक्षेला तेवढंच येतं." प्रीतमने विचारलं, "सर, संजीवनी मॅडम?" सर म्हणाले, "मला माहीत नाही." मॅडम, ज्याला खरंच माहीत नसतं तो उलट विचारतो, का, काय झालं? त्यांनी नाही विचारलं. त्यांना माहितीय.

वर्गात कोणी म्हणतं तुमचं लग्न ठरलं, कोणी म्हणतं तुम्हाला कावीळ झालीय. मला एकही पटत नाही, कारण आपला तक्ता भिंतीवर नाहीये. तिथे नुसते चिकटपट्टीचे डाग आहेत. कावीळ झालेली बाई जाताना तक्ता काढून नेत नाही.

"आमच्या रस्त्यावरचे अलंकार" हे नाव तुम्हीच दिलं होतंत. तुम्ही वर्गात म्हणाला होतात, पुस्तकातली उदाहरणं पुस्तकातच राहू द्या, आपल्या आजूबाजूची आणा. पेपरमधली, जाहिरातीतली, आजीच्या बोलण्यातली. बॅनरचं तुम्ही नव्हतं सांगितलं. ते माझ्या डोक्यातून आलं. माझ्या पप्पांचं उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये फ्लेक्स छापायचं दुकान आहे, आणि आमच्या वॉर्डाचे नगरसेवक बाळाजीशेठ यांचे सगळे बॅनर तिथेच होतात. त्यांवरच्या ओळीसुद्धा पप्पाच रचतात. शेठचा माणूस महेशदादा येतो आणि म्हणतो, "राजूभाय, इस बार कुछ भारी डाल ना." चहा संपेपर्यंत पप्पांची ओळ तयार असते.

म्हणून मी रविवारी पप्पांच्या दुकानात बसून तक्ता केला. "शेठ म्हणजे गोरगरिबांची सावली": रूपक. "शेठसारखे शेठच": अनन्वय, कारण त्यांना दुसऱ्या कोणाची उपमाच देता येत नाही. "शेठ चालले, रस्ते हसले": चेतनगुणोक्ती, कारण रस्ता हसत नाही, आमचा तर नाहीच. आणि सर्वांत खाली अतिशयोक्ती. "शेठच्या एका हाकेने बारवी धरणाचं पाणी दारी आलं." त्याखाली मी कंसात लिहिलं होतं, "आमच्या दारी टँकर येतो, तोही पुष्कळ हाका मारल्यावर." तुम्ही वाचून हसलात. मग म्हणालात, "कंस काढूया का किर्ती?" मी म्हटलं, "का मॅडम, खरं आहे ना?" तुम्ही तक्ता लावायला मला खुर्ची धरून दिलीत.

आज शाळेतल्या कुंदाताईंना गाठलं. त्या हातातली बादली खाली ठेवून हळूच बोलल्या, "सुट्टी लागायच्या आधी शेठच्या ऑफिसातून माणूस आलेला. मोठ्या सरांना मोबाइलवर तुझ्या तक्त्याचा फोटो दाखवला. मग मॅडमला आत बोलावलं. माझं नाव कुठे घेऊ नको."

म्हणजे फोटो कोणीतरी काढला आणि कोणीतरी दिला. मॅडम, वर्गात एकजण असा आहे ज्याचा मामा महेशदादा आहे. समर्थ. तुम्ही त्याला चांगला मुलगा म्हणायचात. मला आता वेगळं वाटतंय.

तुमचा फोन लागत नाही. माझ्याकडे फोन नाही, आहे तो पप्पांचा. म्हणून लिहितेय. निबंधस्पर्धेच्या तयारीला तुमच्या बदलापूरच्या, मांजर्लीतल्या घरी आले होते, तेव्हाचा पत्ता लक्षात आहे. मी शोधून काढणार आहे.

तुमची विद्यार्थिनी,
किर्ती भालेराव, नववी ब


अंबरनाथ
१९ नोव्हेंबर

मॅडम,

उत्तर आलं नाही. पोस्टात विचारलं तर तिथल्या बाई म्हणाल्या, "अगं, बदलापूर म्हणजे काय परदेश आहे? कधीच पोचलं असेल." म्हणजे पत्र पोचलंय.

मधल्या सुट्टीत मी समर्थला सगळ्यांसमोर पकडलं.

"तुझ्या मामाला फोटो कोणी दिला?"

"कसला फोटो?"

"नाटक नको करूस. माझ्या तक्त्याचा. मॅडमना काढलं त्यामुळे."

त्याचा डबा उघडा होता, तो त्याने बंद केला. म्हणाला, "मी शाळेत मोबाइल आणतो का? तू कधी बघितलास?"

"घरी जाऊन सांगितलं असशील."

"किर्ती, मामा मामा आहे. मी मी आहे."

मी त्याला चमचा म्हटलं. मोठ्याने. पोरं हसली, कोणीतरी डब्यावर चमचा वाजवला, मग सगळ्यांनीच वाजवायला सुरुवात केली. समर्थ उठून गेला आणि दुसऱ्या दिवशी शाळेत आला नाही. प्रीतम मला म्हणाली, "तूने ज्यादा कर दिया यार. त्याचं तोंड बघितलंस का?" मी म्हटलं, अपराधी माणसाचं तोंड तसंच होतं. पण मॅडम, खोटा आळ आलेल्या माणसाचं तोंडही तसंच होत असेल का? मला फरक ओळखता येत नाही. अलंकार ओळखता येतात, हे नाही येत.

रविवारी आजी बदलापूरला तिच्या बहिणीकडे निघाली, तेव्हा मीही मागे लागले. ती बहिणीशी बोलत बसली आणि मी चालत तुमच्या बिल्डिंगमध्ये आले. तुम्ही वर्गात पुराची गोष्ट सांगितली होतीत, त्यातली ती चिखलाची रेघ जिन्यात अजून दिसते. दाराबाहेर तुमच्या निळ्या चपला होत्या. आत टीव्ही चालू होता. मी बेल वाजवली आणि टीव्ही बंद झाला. दाराच्या गोल काचेतला उजेड गेला, परत आला. म्हणजे कोणीतरी डोळा लावून बघितलं. मी म्हटलं, "मॅडम, मी किर्ती." कोणी उघडलं नाही. मी पुन्हा बेल वाजवली नाही. मला लाज वाटली, कशाची ते कळलं नाही.

परत येताना आजीने विचारलं, "कुठं गेलतीस? तोंड का उतरलंय?" मी म्हटलं, पाय दुखतायत.

मॅडम, तुम्हाला माझा संशय येतोय का? तक्ता मीच केला आणि मीच फोटो दिला, असं वाटतंय का तुम्हाला? एवढंच सांगा. बाकी काही सांगू नका.

किर्ती


अंबरनाथ
१ डिसेंबर

मॅडम,

हे पत्र मी कुठे बसून लिहितेय ते सांगत नाही. घरी नाही लिहीत.

समर्थ परत शाळेत आला. माझ्याशी बोलला नाही. शुक्रवारी मात्र शाळा सुटल्यावर गेटबाहेर उभा होता. मम्मीचा मोबाइल घेऊन आला होता. म्हणाला, "मामाच्या मोबाइलमधून मी फोटो माझ्या मम्मीच्या फोनवर घेतला. त्याला न विचारता. चोरी केलीय मी, तुझ्यामुळे. आता बघ, आणि सांग मी काढलाय का."

मी बघितला. फोटोत नुसता तक्ता होता, कडेकडेपर्यंत, मागचं काहीच दिसत नव्हतं. मी आधी कंस वाचला, मग वरच्या ओळी. आणि मग मला ते दिसलं. "अतीशयोक्ती." ती दीर्घ.

तुम्हाला आठवतंच असेल. सोमवारी सकाळी मी गुंडाळलेला तक्ता घेऊन सरळ स्टाफरूममध्ये तुमच्याकडे आले होते. तुम्ही म्हणालात, "ति ऱ्हस्व गं. दीर्घ लिहिलीस म्हणजे अतिशयोक्तीचीच अतिशयोक्ती झाली." आणि पांढऱ्या कागदाचा तुकडा चिकटवून त्यावर स्वतःच्या अक्षरात 'ति' लिहिलंत. वर्गात लागला तो तक्ता दुरुस्त केलेला होता. फोटोतला तक्ता दुरुस्त केलेला नाही.

म्हणजे फोटो शाळेत काढलेलाच नाही. शाळेच्या आधी तक्ता पप्पांच्या दुकानात होता आणि एक रात्र आमच्या घरी.

समर्थ माझ्याकडे बघत होता. "काय झालं?" मी म्हटलं, "तू नाहीस." तो म्हणाला, "ते मला माहितीय." आणि मोबाइल घेऊन निघून गेला.

मॅडम, त्यानंतर घरात सगळेच मला संशयित दिसायला लागले. मम्मी कंपनीतून आली आणि चपला काढतानाच तिने विचारलं, "मॅडमचं काही कळलं का गं?" मला वाटलं, हिला का हवंय? पप्पांनी ताटात भात वाढून घेतला आणि नेहमीसारखं "शाळेत काय झालं आज?" विचारलं नाही. मग मी आठवायला लागले. दिवाळीपासून ते शाळेचं काहीच विचारत नाहीत.

काल रविवार. पप्पांचा डबा द्यायला दुकानात गेले. मशीन चालू होतं, शाईचा वास होता, दुसरं कोणी नव्हतं.

"पप्पा, माझ्या तक्त्याचा फोटो काढला होता का तुम्ही?"

"कधी? फोनमध्ये किती फोटो असतात." असं म्हणून त्यांनी एक बॅनर पुढे ओढला आणि कडा कापायला लागले. त्याच्या कडा आधीच कापलेल्या होत्या.

"पप्पा."

ते कापत राहिले. मग कटर ठेवला.

"काढला. तू पाणी प्यायला गेलीस तेव्हा." माझ्याकडे न बघताच बोलत होते. "बारावी नापास माणसाने लिहिलेल्या ओळी मराठीच्या तक्त्यावर, शाळेत लागणार होत्या. असं कधी झालंय का आपल्यात? महेशला पाठवला. म्हटलं, बघ लेका."

"कंसातलं वाचलं नव्हतं?"

"वाचलं ना. हसलोसुद्धा."

"मग?"

"महेश नाही हसला. त्याने तो पुढे शेठला दाखवला. दुसऱ्या दिवशी शेठचा स्वतःचा फोन. ओरडले नाहीत, शांत होते. म्हणाले, 'राजेंद्र, लेकरं असं आपल्या मनाने लिहीत नाहीत. कोणी लिहायला लावलं?'"

"तुम्ही काय सांगितलंत?"

मशीनमधून बॅनर बाहेर येत होता. त्यावर शेठचा हात जोडलेला फोटो अर्धाच आला होता. पप्पांनी कडेने धरून तो पूर्ण येऊ दिला.

"म्हटलं, शाळेतल्या मॅडमनी."

"पण त्यांनी नव्हतं सांगितलं! मी तुम्हाला इथेच बसून सांगितलं होतं, बॅनरची आयडिया माझी आहे."

"माहितीय."

"मग खोटं का बोललात?"

"मग काय तुझं नाव घेऊ?" आता त्यांनी माझ्याकडे बघितलं. "निवडणूक तोंडावर आलीय. त्यांची पोरं दिवसभर नाक्यावर उभी असतात. तू त्याच नाक्यावरून जातेस-येतेस. मॅडम शिकलेल्या आहेत, त्यांना दुसरी शाळा मिळेल. मला दुसरी पोरगी कुठून मिळणार?"

मी डबा ठेवला आणि बाहेर आले. शेजारच्या कापडाच्या दुकानातले काका "आओ बेटा, पानी पियो" म्हणत होते, त्यांच्याकडेही बघितलं नाही.

मॅडम, मला वाटलं होतं, ज्याने केलं तो सापडला की मला बरं वाटेल.

किर्ती


अंबरनाथ
९ डिसेंबर

मॅडम,

आज मला तुमचाही राग आलाय. आधी तो का ते सांगते, मग पुढचं वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

दुकानातल्या त्या दिवसानंतर मी पप्पांशी बोलत नव्हते. त्यांनी नवीन कंपास आणून माझ्या दप्तरावर ठेवला, मी तो तिथेच राहू दिला. मम्मीला सगळं सांगितलं, आजीही ऐकत होती. मम्मी म्हणाली, "त्याने तुझ्यासाठी केलं गं." मी म्हटलं, "मला माहितीय." तेच तर वाईट आहे. स्वतःसाठी केलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

सहा डिसेंबरसाठी पप्पा दरवर्षी आमच्या वस्तीचा बॅनर छापतात, बाबासाहेबांना अभिवादनाचा. आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांनी तो घरी आणून जमिनीवर पसरला, रंग नीट आलाय का बघायला. आजी पलंगावर बसली होती. माझी आजी गयाबाई शाळेत गेली नाही, पण वस्तीच्या साक्षरतेच्या वर्गात वाचायला शिकली. ती एकेक अक्षर लावत वाचायला लागली. फोटो, नाव, "विनम्र अभिवादन". संपलंच.

"राजा," आजी म्हणाली, "एवढंच?"

"एवढंच असतं आई दरवर्षी."

"त्या शेठच्या बॅनरवर वीतभर लिवतोस. सावली काय, रस्ते हासले काय. हितं का नाही लिवत?"

पप्पा म्हणाले, "इथे वाढवून लिहायची काय गरज आहे?"

"म्हंजी तिथं वाढवून लिवतोस, हे तुला ठावं हाय."

"धंदा आहे तो, आई."

"व्हय. ते पोटासाठी. त्याला मी कधी काय बोलले न्हाई." आजीने चष्मा काढला. "पर त्या मास्तरीणबाईंच्या नावानं बोललास, ते कुणाच्या पोटासाठी? तिच्या पोटाचं काय?"

मम्मी ओट्यापाशी उभी होती, तिने गॅस बंद केला. पप्पांनी बॅनर गुंडाळायला घेतला, तो वाकडा गुंडाळला गेला, परत उलगडला. माझ्याकडे बघून म्हणाले, "सोमवारी शाळेत येतो मी. तुझ्याबरोबर." एवढंच.

मला विश्वास नव्हता. सोमवारी सकाळीही नव्हता. ते इस्त्रीचा शर्ट घालून स्कूटर काढेपर्यंत मला वाटत होतं, दुकानातून फोन येईल आणि ते निघून जातील.

मोठ्या सरांच्या केबिनमध्ये पप्पा बसले नाहीत, उभ्यानेच बोलले. "सर, त्या ओळी माझ्या आहेत. फोटो मी काढला. बॅनरचं माझ्या मुलीने स्वतःच्या मनाने केलं, मॅडमनी सांगितलं नव्हतं. शेठना मी खोटं सांगितलं."

सर कागद इकडचे तिकडे करत राहिले. मग म्हणाले, "भालेराव, हे आता सांगून काय उपयोग? संस्थेच्या कमिटीवर शेठचे मेहुणे आहेत. आणि त्या तासिका तत्त्वावर होत्या, तासाप्रमाणे. पुढचे तास दिले नाहीत, एवढंच झालं. काढलं असं कागदावर कुठेही नाही."

"पण त्यांची चूक नव्हती, सर."

"मी काय त्यांना विचारलं नाही का?" सर चिडले. "समोर बसवून फोटो दाखवला. बराच वेळ बघत राहिल्या फोटोकडे. म्हटलं, मॅडम, हे तुम्ही सांगितलं होतं की मुलीने आपल्या मनाने केलं? त्या म्हणाल्या, 'मी सांगितलं होतं, बॅनर बघून या म्हणून.' स्वतःच्या तोंडाने. मग मी काय करायचं होतं?"

पप्पा माझ्याकडे बघत होते आणि मी सरांच्या टेबलाकडे.

बराच वेळ बघत राहिलात, मॅडम. तुम्ही ती दीर्घ बघितलीत. तो तुकडा तुम्हीच तुमच्या हाताने चिकटवला होता. फोटो माझ्या घरातून आलाय हे तुम्हाला तिथेच, त्या खुर्चीतच कळलं. माझ्या आधी, समर्थच्या आधी. आणि तरी तुम्ही हो म्हणालात.

पप्पांनी सगळं कागदावर लिहून दिलं. सर घेईनात, म्हणाले, "ठेवा टेबलावर, बघतो." पप्पा म्हणाले, "तसं नको सर. मिळाल्याची सही द्या, मी थांबतो." ते थांबले. मधली सुट्टी झाली, संपली, तरी थांबले. शेवटी सरांनी सही दिली. दुपारी महेशदादाचा पप्पांना फोन आला. काय बोलणं झालं ते पप्पांनी सांगितलं नाही, पण शेठच्या छापायच्या राहिलेल्या बॅनरांचा पेनड्राइव्ह संध्याकाळी कोणीतरी मागून घेऊन गेलं.

आता माझा राग. पप्पा खोटं बोलले, मला वाचवायला. तुम्ही खोटं बोललात, तेही मला वाचवायला. दोघांनीही तेच खोटं सांगितलं, आणि मला कोणीच विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, मी लिहिलंय. आणि टँकर खरंच येतो. त्यात वाचवण्यासारखं काय होतं?

रविवारी आम्ही येतोय. पप्पा आणि मी. यावेळी दार उघडा.

किर्ती


अंबरनाथ
२२ डिसेंबर

प्रिय मॅडम,

हे पहिलं पत्र तुमच्या नव्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतेय, तुम्ही तिथे पोचाल तेव्हा ते आलेलं असेल. चौदा तारखेला आम्ही आलो तेव्हा मला खूप बोलायचं होतं, पण पप्पाच बोलत राहिले आणि मी पोह्यांतले शेंगदाणे वेचत बसले. म्हणून आता लिहितेय.

तुम्ही बेल वाजताच दार उघडलंत. ओढणी खांद्यावर होती, म्हणजे वाट बघत होतात. पप्पांनी उंबऱ्यात उभं राहूनच सुरुवात केली, तुम्ही म्हणालात, "आत या, शेजारी ऐकतात." मग त्यांनी सगळं सांगितलं. मोठ्या सरांना सांगितलं त्यापेक्षा जास्त सांगितलं. शेठचा फोन ठेवल्यावर त्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं होतं आणि आत नुसते बसून राहिले होते, हे मला तिथेच पहिल्यांदा कळलं.

मला वाटलं होतं तुम्ही म्हणाल, जाऊ द्या, झालं ते झालं. मोठी माणसं तसंच म्हणतात. तुम्ही नाही म्हणालात. तुम्ही विचारलंत, "भालेराव, तुम्हाला माझा नंबर माहीत होता. त्याच दिवशी मला एक फोन का नाही केलात? आपण दोघांनी मिळून काहीतरी ठरवलं असतं." पप्पांनी मान खाली घातली आणि तुम्ही ती वर उचलायला मदत केली नाहीत. मला त्यांची दया आली आणि तुमचं बरोबर आहे असंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी. आधी मला वाटायचं, एका वेळी एकच वाटतं.

मग मी विचारलं, "त्या दिवशी दार का नाही उघडलंत?" तुम्ही म्हणालात, "उघडलं असतं तर तू विचारलं असतंस, मॅडम, कोणी केलं? आणि मला ठाऊक होतं. चौदा वर्षांच्या मुलीला मी कसं सांगू, की घरात बघ?" पत्रांचंही तसंच, म्हणालात. सगळी वाचलीत, उत्तरं लिहायला घेतलीत, पण माझ्या घरी पाठवलेलं पाकीट आधी कोणाच्या हातात पडेल याची खात्री नव्हती.

मी तुम्हाला म्हटलं, तुम्ही हो म्हणायला नको होतं. तुम्ही म्हणालात, "कदाचित नको होतं. पण समोर दोनच दारं होती, आणि एकातून तू शाळेबाहेर पडणार होतीस. मला विचार करायला तेवढाच वेळ होता." मला अजून पटलेलं नाही, मॅडम. मी विचार करतेय.

इकडची बातमी. समर्थला मी सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "गेटवर नको. जिथे चमचा म्हणालीस तिथे म्हण." मग मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर म्हटलं. पोरं यावेळीही हसली, फक्त माझ्यावर. त्याने डबा पुढे केला नाही, पण झाकणही लावलं नाही.

शेठचे बॅनर आता दुसरीकडे छापतात. स्टेशनजवळ नवीन लागलाय. पप्पांनी स्कूटर थांबवून वाचला. "शेठसारखे शेठच" तसंच ठेवलंय, पप्पांचं. पण खाली "बारवीचं पाणी दारी आनलं" असं छापलंय. आनलं, बाणाचा ण नाही. पप्पा म्हणाले, "खोटं लिहायचं तर निदान शुद्ध तरी लिहा." मग स्कूटर चालू केली, आणि पुढच्या सिग्नलला हसले. दिवाळीनंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं. दुकान चालू आहे. वाढदिवस, बारसं, क्लासच्या जाहिराती. मम्मी म्हणते, भागेल.

तुमची जागा शाळेने अजून भरली नाही, ते गाइडवाले सरच येतात. मोठ्या सरांनी पप्पांच्या अर्जाचं काय केलं, कोणालाच माहीत नाही. कुंदाताई म्हणतात, फाइलमध्ये आहे. मी त्यांना म्हटलं, नीट बघून सांगा. तुम्ही म्हणालात की आता बोलावलं तरी तुम्ही येणार नाही. मला वाईट वाटलं, पण मी तुमच्या जागी असते तर मीही आले नसते.

बारवी धरणापलीकडच्या आश्रमशाळेत तुम्ही एक जानेवारीपासून जाणार, तिथे कायमची नोकरी आहे म्हणालात, हे खरं आहे ना? की मला बरं वाटावं म्हणून? पप्पांना विचारलं तर ते म्हणाले, "खरंच असेल गं. सगळ्यांवर संशय नको घेऊस." मी म्हटलं, तुम्ही हे बोलू नका. ते म्हणाले, बरं.

म्हणून मला तिथलं लिहून कळवा. मुलं कुठल्या पाड्यांवरून येतात, त्यांची उदाहरणं कोणती आहेत, तिथे भिंतीवर तक्ता लावायला परवानगी घ्यावी लागते का. मला खरं काय ते कळवा, बरं वाटण्यासारखं नसलं तरी.

उत्तर घरच्या पत्त्यावरच पाठवा. पप्पा म्हणालेत, ते पाकीट उघडणार नाहीत, सरळ माझ्या हातात देतील. मी विश्वास ठेवायचं ठरवलंय.

तरीपण डिंक जरा जास्त लावा.

तुमची,
किर्ती